पत्रा मागे येतो

स्टेनलेस स्टीलचा पातळ पत्रा बोटाला कापतो तेव्हा दुखत नाही. रक्त दिसलं की कळतं. माझ्या दोन्ही तळव्यांवर अशा बारीक पांढऱ्या रेघा आहेत. लग्नकार्यात मेंदी काढणाऱ्या मुली त्या बघून हमखास विचारतात, "काकू, हे काय झालं?" मी सांगते, "संसार." मुली हसतात आणि पुढची नक्षी काढायला घेतात.

या अंकासाठी आमच्या कामाबद्दल लिहा, असं सांगणं आलं तेव्हा मी म्हटलं, कारागीर आमचे हे. मी नुसतं पत्र्याचं टोक धरणारी. त्यावर उत्तर आलं, मग टोक धरणारीनंच लिहा. ह्यांना विचारून लिहावं तर तेही आता राहिलेलं नाही. म्हणून जे मला माहीत आहे तेवढंच लिहिते.

संगमनेरला आमच्या घरामागे शेड आहे. तोच आमचा कारखाना. यंत्र म्हणावं असं त्यात काही नाही. एक जाड टेबल, त्यावर लोखंडी अँगलची जोडी, पत्रा आवळून धरणारे चार शिकंजे, कात्री, लाकडी हातोडे आणि बाभळीची एक गुळगुळीत झालेली फळी. मोठ्या वर्कशॉपात पत्रा वाकवायचं मशीन असतं, पायडल दाबलं की काटकोन तयार. आमच्याकडे पत्र्यावर रेघ मारायची, ती रेघ दोन अँगलच्या मध्ये बरोबर कडेला येईल असा पत्रा धरायचा, शिकंजे आवळायचे, मग फळी लावून सगळा पत्रा एकदम खाली दाबायचा आणि उरलेलं हातोड्यानं बसवायचं. हातोडा लाकडीच पाहिजे, लोखंडी लागला की खड्डा पडतो आणि तो जन्मभर चमकत राहतो. पत्रा लांब असेल तर दोन्ही टोकांना माणूस लागतो आणि दोघांचा दाब एकाच वेळी पडावा लागतो. एकजण पुढे गेला की मध्ये पोट येतं. लग्न होऊन आले, त्या वर्षीच ह्यांनी मला हाक मारली, "अगं, जरा हे टोक धर." ते धरलं ते धरलंच.

आता माझं माहेर नेवाशाचं, वडील पूजापाठ सांगणारे. सासरे शाळामास्तर. घराण्यात कुणी हातोडा धरलेला नव्हता. ह्यांनी मात्र मॅट्रिकनंतर आयटीआयला पत्र्याच्या कामाचा ट्रेड घेतला आणि मास्तरांची मान खाली गेली असं भावकीत बोललं गेलं. माझ्या आईनं तर माझे हात बघून डोळ्यांना पदर लावला होता. सासरे काही बोलायचे नाहीत, पण कुणी घरी आलं आणि मागून ठोकाठोकी ऐकू आली की आवाज वाढवून बोलायला लागायचे. ह्यांना त्याचं काही वाटलं नाही असं नाही. वडिलांना हे दादा म्हणत. एकदा मला म्हणाले होते, "दादांनी एकदा शेडमध्ये येऊन नुसतं उभं राहावं." ते कधी आले नाहीत.

गिऱ्हाइकं म्हणाल तर एकेक नग. रसवंतीवाले उसाचा हंगाम तोंडावर आला की चरकाखालचा ट्रे करून घ्यायला यायचे, आणि प्रत्येकाला तो कालच हवा असायचा. एकजण सोन्याच्या दुकानासारखी काचपेटी स्टीलमध्ये करा म्हणून हटून बसला होता. त्याला चहा पाजून घरी पाठवला. एक म्हातारबाबा प्रवरेच्या काठच्या गावाहून यायचे. त्यांनी कुठूनशी एक चौकोनी पेटी आणली आणि म्हणाले, "ही उलगडून सपाट करून द्या, मला ह्याचं गाईच्या गव्हाणीला अस्तर लावायचंय." हे म्हणाले, "बाबा, स्टील एकदा वाकवलं की तिथं ते कडक होतं. उघडायला गेलं की घडीवर चिरतं." बाबांना पटेना. "आमच्या गावातला लोहार करतो की." "तो लोखंडाचं करत असेल. स्टील एकदाच वाकतं." बाबा पेटी काखोटीला मारून निघाले. आठवड्यानं परत आले, पेटी घडीवर फाटलेली, आणि तोंड असं की ह्यांनीच ती फाडली. ह्यांनी एका शब्दानं बोलून दाखवलं नाही. उरलेल्या तुकड्यांतून त्यांना गाईसाठी मिठाची पसरट वाटी करून दिली.

आणखी एक गोष्ट सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. स्टीलचा पत्रा वाकवला आणि हात काढला की तो थोडा मागे येतो. काटकोनात वाकवलात तर सोडल्यावर काटकोन उरत नाही, जरासा उघडतो. म्हणून काटकोनाच्या थोडं पुढे न्यायचा आणि सोडायचा, मग तो येऊन बरोबर बसतो. थोडं म्हणजे किती, ते पत्र्याच्या जाडीवर आणि घडीच्या लांबीवर. ह्यांना ते हाताला कळायचं. काटकोन तपासायचा गुण्या लावून बघायचे तेव्हा गुण्या आणि पत्रा यांच्यामधून उजेड दिसायचा नाही. रेघ मारणं आणि हा शेवटचा दाब, ही दोन कामं ह्यांनी मला कधी करू दिली नाहीत. कापायचं, घासायचं, टोक धरायचं, रिबिट मारायचं, सगळं करू दिलं. मी एकदा चेष्टेत म्हटलं, "मंगळसूत्र घातलंत गळ्यात, पण पेन्सिल काही देत नाही हातात." ते म्हणाले, "पेन्सिल मागू नकोस, त्यात भांडणं होतात."

पेटी करायची तर घड्यांना क्रम असतो. पहिली घडी कडेची. वरची धारदार कड उलटी दुमडून दाबून टाकायची, म्हणजे वापरणाऱ्याचा हात कापत नाही. मग लांब बाजू उभ्या करायच्या, मग आखूड. क्रम चुकला, बाजू आधी उभ्या केल्या, की कडेला पकड मिळत नाही आणि तो पत्रा गेला. उलगडता तर येतच नाही. हे आमच्या कामाच्या बाराखडीतलं पहिलं अक्षर. नवशिका एकदा चुकतो आणि पुन्हा कधी चुकत नाही.

एके दिवशी मी स्वयंपाकघरातून शेडमध्ये गेले तर टेबलावर एका ट्रेच्या लांब बाजू उभ्या केलेल्या होत्या, आणि वरची कड तशीच, उघडी. मी म्हटलं, "कड राहिली की." हे म्हणाले, "कड नंतर." मला वाटलं माझी फिरकी घेतायत. मी हसून आत आले. संध्याकाळी तो ट्रे शेडच्या कोपऱ्यात तोंड भिंतीकडे करून ठेवलेला दिसला. काही दिवसांनी दुसऱ्यांदा तसंच झालं. ते ट्रेकडे बघत उभे होते. कुठे चुकलं ते त्यांना कळत नव्हतं, पण काहीतरी चुकलंय एवढं कळत होतं. माणसाच्या चेहऱ्यावर तसलं काही बघण्यापेक्षा डोळे मिटून घ्यावेत.

नाशिकला दाखवलं. डॉक्टरांनी ह्यांना साध्या गोष्टी विचारल्या, घड्याळ काढायला सांगितलं. ह्यांनी वर्तुळ असं काढलं की कंपासानं काढावं, आणि आकडे सगळे एका बाजूला. विसरण्याचा आजार आहे, वाढत जाईल, असं सांगितलं. परतीच्या बसमध्ये हे खिडकीबाहेर बघत होते. मध्येच म्हणाले, "वर्तुळ चांगलं आलं होतं ना?" मी म्हटलं, "फार छान आलं होतं."

आमची मुलगी पुण्यात असते. तिचं म्हणणं एकच होतं, आई, शेडला कुलूप लाव. बाबा हात कापून घेतील. तिचं चूक नव्हतं. पण मी ह्या माणसाला ओळखते. शेडला कुलूप लावलं असतं तर ते कुलपासमोर उभे राहिले असते, किल्ली कुठाय विचारत, रोज. आपण कारागीर आहोत एवढंच त्यांच्याजवळ धड उरलं होतं. कुणी येऊन "तुम्हाला आता जमत नाही" असं त्यांच्या तोंडावर म्हणू नये, यासाठी मी वाटेल ते करायला तयार होते. मुलीला सांगितलं, "मी आहे ना बरोबर." ती म्हणाली, "आई, तू हट्टी आहेस." आहे.

मग आम्ही एक रीत बसवली. क्रम मी बोलायचा आणि हात ह्यांचे. "कड," मी म्हणायची. ते कड दुमडायचे, पूर्वीइतकीच सुरेख. "आता लांब बाजू." लांब बाजू. हात काहीही विसरले नव्हते, फक्त यानंतर काय ते त्यांना कुणी सांगावं लागत होतं. गिऱ्हाईक समोर असलं की मी ते गप्पांत मिसळून बोलायची, "अहो, कड झाली का, म्हणजे लांब बाजू घ्यायला मी येते." कुणाच्या लक्षात आलं नाही. आलं असलं तरी कुणी बोललं नाही. तसे बरेच महिने गेले आणि खरं सांगते, ते दिवस वाईट नव्हते. आयुष्यभर कमी बोलणाऱ्या माणसाशी मी दिवसभर बोलत होते आणि तो माझं ऐकत होता. कोणत्या बायकोला मिळतं?

परवाच्या हंगामाला चंद्रकला आली. पाथर्डीकडची, नवरा-बायको दरवर्षी ऊसतोडीला इकडे येतात आणि साखर कारखान्याच्या बाजूला माळावर पाचटाची कोपी घालून राहतात. कडेवर रांगतं पोर होतं. म्हणाली, "काकू, पिठाला डबा करून द्या. उंदरं लई झालेत, पोतं ठिवूच देत न्हाईत."

मी म्हटलं, "बाजारात तयार डबे मिळतात की गं."

"ते गोल असत्यात. झाकन कुत्रं नाकानं उघडतंय. मला चौकोनी पायजे, कडी-कोयंड्याचा. आन् काकू, कड चांगली दुमडा. हे पोरगं समद्याला हात लावतंय, धरून उभं ऱ्हातंय."

हे स्टुलावर बसून ऐकत होते. पोराकडे बघून म्हणाले, "त्याच्या छातीला येईल एवढी उंची ठेवू. धरून उभा राहील." चंद्रकला खूश झाली. पुढच्या बाजाराच्या दिवशी येते म्हणाली. किती तरी दिवसांनी ह्यांनी स्वतःहून काही ठरवलं होतं. माझा जीव भांड्यात पडला.

पत्रा मी कापून दिला, रेघा त्यांनीच मारल्या. "कड," मी म्हटलं. कडा झाल्या. "लांब बाजू." त्यांनी पत्रा अँगलमध्ये धरला, शिकंजे आवळले, फळी लावून दाबली, बरोबर काटकोनापर्यंत आणली आणि थांबले. हात काढला. पत्रा मागे आला. त्यांनी गुण्या लावला, फट दिसली. पुन्हा दाबला, काटकोनापर्यंत. हात काढला. मागे आला. पुन्हा गुण्या. पुन्हा दाब. मी म्हटलं, "अहो, थोडा पुढे घ्या." ते म्हणाले, "पुढे कशाला? काटकोन इथं आहे." आणि बोटानं मला काटकोन दाखवला. तो बरोबरच होता. तिथंच तर होता.

दुपारभर ते तेच करत राहिले. मी दोनदा चहा नेला, तो तसाच निवला. मला वाटायचं जाऊन फळीवर आपला हात ठेवावा आणि इतकुसा दाब द्यावा, की संपलं. पण तसं केलं असतं तर त्यांना कळलं असतं. शेवटी त्यांनी गुण्या खाली ठेवला आणि म्हणाले, "हा पत्रा खराब निघाला."

हा माणूस आयुष्यात कधी पत्र्याला खराब म्हणाला नव्हता. दुसरा कुणी कारागीर तसं म्हणाला की हे त्याच्याकडे अशा नजरेनं बघायचे की तो विषय बदलायचा. मी म्हटलं, "हो. खराबच आहे. दुकानदाराला सांगू." ते मान हलवून आत जाऊन पडले. मी शेडमध्ये बसून रडले. त्या आधी मी ह्या आजारापायी रडले नव्हते, कामं पुष्कळ होती.

आता डबा तर द्यायला हवा होता. चंद्रकलेला नाही म्हणून सांगितलं असतं तर तिनं दुसरीकडे करून घेतला असता, पण ह्यांनी त्या पोराच्या छातीएवढी उंची ठरवली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नवा पत्रा घेतला आणि पेन्सिल हातात घेतली. हे स्टुलावर बसून बघत होते. रेघा मारल्या, कोपरे कापले, कडा दुमडल्या. लांब बाजूला आले तेव्हा फळी लावून पाहिली, पुन्हा काढली. इतक्या वर्षांचं बघितलेलं आणि आपल्या हातानं करायचं, यात फरक असतो. म्हटलं, "अहो, जरा हे टोक धरता?" ते उठले आणि येऊन धरलं. घट्ट धरलं, डोळे माझ्या फळीवर. मी काटकोनाच्या पुढे नेला आणि सोडला. पत्रा मागे आला आणि थांबला. गुण्या लावून उजेडाकडे धरून बघितलं, एका टोकाला केसभर फट होती. ह्यांच्या हातून तीही राहिली नसती. पण झाला. बाकीच्या बाजू केल्या, रिबिटं मारली, झाकण करून कडी-कोयंडा लावला. वरच्या कडेवरून पदराचं टोक फिरवून बघितलं, कुठे अडकलं नाही.

बाजाराच्या दिवशी चंद्रकला आली. पोर खाली सोडल्याबरोबर ते रांगत डब्याकडे गेलं आणि कड धरून उभं राहिलं. चंद्रकला हसायला लागली. "काका, लई झ्याक केलाय डबा. आता कुत्र्याच्या बापाला उघडायचा न्हाई."

मी पटकन म्हटलं, "हो ना, ह्यांनी दोन दिवस खपून केला."

हे स्टुलावरून उठले. डब्याजवळ आले, वाकले, पोराच्या हातांशेजारून कडेवर अंगठा फिरवला. चारही बाजूंनी. कोपऱ्यातल्या रिबिटांवरून फिरवला. मग सरळ झाले आणि म्हणाले, "हा मी केलेला नाही."

चंद्रकला माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "अहो, असं काय करता, तुम्हीच तर."

"नाही. माझा हात मला कळतो." आवाजात राग नव्हता. "माझा दाब ह्याच्यापेक्षा जड आहे. हा हलका हात आहे, पण चांगला आहे. कड बघ, कुठे उठलेली नाही." मग माझ्याकडे वळून विचारलं, "कोण आहे गं? आपल्याकडे येतो का कामाला?"

सगळी वर्षं टोक धरलं. माझ्या कामाला त्यांनी कधी वाईट म्हटलं नाही आणि चांगलंही म्हटलं नाही. "येतो," म्हटलं.

"मग त्याला जाऊ देऊ नकोस. शेड त्याच्याकडे दे." ते पुन्हा स्टुलावर बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि त्या हातांकडे बघत म्हणाले, "मला आता जमत नाही."

चंद्रकलेनं पोराला उचलून घेतलं. तिनं माझ्या हातांकडे एकदा बघितलं आणि खाली मान घातली. जे वाक्य त्यांच्या कानावर पडू नये म्हणून मी दिवसरात्र जपत होते ते त्यांनी आपल्या तोंडानं उच्चारलं होतं, दुसऱ्या कुणाचं नाव सांगावं तसं सहज.

"सांगते त्याला," मी म्हटलं, आणि डब्याचं झाकण बसवायला वळले.